बाबासाहेबांचा बंद पडलेला धंदा आणि आपली बिनपाटीची दुकाने

बाबासाहेबांनी एकदा धंदा काढला होता आणि तो बंद पडला होता. जयंतीच्या भाषणांत ही गोष्ट फारशी येत नाही. कोलंबिया, लंडन, महाड, पुणे करार, संविधान, नागपूर या क्रमात त्या छोट्या दुकानदारीला जागा सापडत नाही. परभणी जिल्ह्यात स्वतःचा धंदा करू पाहणाऱ्या तरुणांसोबत मी काही वर्षे काम करतो आहे. मला मात्र बाबासाहेबांच्या आयुष्यातली ती दोन-तीन वर्षे पुन्हा पुन्हा आठवतात.

१९१७ साल होते. महूला १४ एप्रिल १८९१ रोजी जन्मलेला सुभेदार रामजींचा मुलगा तेव्हा २६ वर्षांचा होता. एल्फिन्स्टनमधून पदवी झाली होती, बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात तीन वर्षे झाली होती, पुढे लंडनमध्ये शिक्षण सुरू होते. शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि ते अर्धवट सोडून परत यावे लागले. करारानुसार बडोद्यात नोकरी करायची होती. तिथे काय झाले ते आपल्याला पाठ आहे. राहायला घर मिळेना, पारशी धर्मशाळेत आसरा घेतला आणि अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या जमावाने बाहेर काढले. बाबासाहेब मुंबईला परतले ते परळच्या बीआयटी चाळीतल्या खोल्यांत. वडील १९१३ मध्येच गेलेले, घरात खाणारी तोंडे बरीच आणि हाताला काम नाही.

तेव्हा त्यांनी शिकवण्या धरल्या, आणि शेअर बाजारात व्यवहार करणाऱ्यांना सल्ला देणारी एक छोटी पेढी काढली. आजच्या भाषेत सांगायचे तर एका माणसाची कन्सल्टन्सी. कोलंबियात अर्थशास्त्र शिकलेला, भारताच्या अर्थव्यवहारावर प्रबंध लिहिलेला माणूस सल्ला द्यायला बसला होता. त्या काळच्या मुंबईत असे शिक्षण घेतलेली माणसे किती असतील? सुरुवात बरी झाली. गिऱ्हाईक येऊ लागले. मग सल्ला देणारा माणूस अस्पृश्य आहे, ही बातमी बाजारात पसरली. गिऱ्हाईक यायचे थांबले आणि पेढी बंद करावी लागली.

ही गोष्ट आपण जातीच्या क्रूरतेचे उदाहरण म्हणून सांगतो, आणि ती तशी आहेच. पण तिच्यात आणखी एक गोष्ट आहे. बाबासाहेबांची जात बाजारात कशी पोचली असेल? कुठल्या वर्तमानपत्रात छापून नक्कीच नाही. ती एकाने दुसऱ्याला सांगितली, दुसऱ्याने तिसऱ्याला. म्हणजे ज्याला आपण तोंडी प्रचार म्हणतो आणि ज्याच्या भरवशावर आपले बहुतेक छोटे धंदे चालतात, त्याच तोंडी प्रचाराने ती पेढी संपवली. ऐकीव बातमी आपल्या मालकीची नसते. ती कुणाच्या तोंडून कुणाच्या कानात जाईल आणि जाताना काय होऊन जाईल, हे आपल्या हातात नसते. जातीच्या समाजात तर ती जातीच्या वाटेनेच चालते.

परभणी, जिंतूर, पूर्णा, गंगाखेड इथल्या आपल्या मुलांना मी विचारतो की गिऱ्हाईक कुठून येते. उत्तर ठरलेले असते, ओळखीतून. मानवतच्या बाजूला एक मुलगा मोटार वाइंडिंग करतो. शेतकऱ्याची पाण्याची मोटार जळाली तर तो सकाळी घेऊन संध्याकाळी परत देतो. हा धंदा जातीवर चालणारा नाही. विहिरीत पाणी आहे आणि मोटार बंद आहे, अशा वेळी शेतकरी जात विचारत बसत नाही, त्याला उभे पीक वाचवायचे असते. तरीही या मुलाकडे येणारे बहुतेक जण त्याच्याच वस्तीतले, नाहीतर वस्तीतल्या कुणाच्या तरी मालकाचे. चार किलोमीटरवरच्या गावातल्या बागायतदाराला हे दुकान आहे हेच माहीत नाही. त्याला सांगणार कोण? ज्यांच्या तोंडून ही माहिती जायची, त्यांची उठबस त्या बागायतदाराच्या ओसरीवर नाही.

समाजशास्त्रात मार्क ग्रॅनोव्हेटर यांचा १९७३ चा एक निबंध शिकवतात. त्याचे म्हणणे असे की घट्ट नात्यांतली माणसे एकमेकांना तेच ते सांगत राहतात. नवी माहिती येते ती जुजबी ओळखींतून, दूरच्या माणसांकडून. त्यांनी ते अमेरिकेतल्या नोकऱ्या शोधणाऱ्यांबद्दल लिहिले होते. एमएला असताना मी ते परीक्षेपुरते वाचले. त्याचा अर्थ भीमनगरातल्या एका पिठाच्या गिरणीसमोर उभा राहिल्यावर कळला. गिरणी चांगली, दळण बारीक, भाव वाजवी, आणि गिऱ्हाईक रस्त्याच्या अलीकडचेच. रस्ता ओलांडून कुणी येत नव्हते. जातीने आपल्या दूरच्या ओळखी आधीच कापून ठेवल्या आहेत. त्या कापलेल्या जागेवरून माहिती पलीकडे न्यायची तर पाटी लागते, पत्रक लागते, जाहिरात लागते.

पुन्हा बाबासाहेबांकडे येतो. नोव्हेंबर १९१८ मध्ये त्यांना सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकाची जागा मिळाली. वर्गात मुले मन लावून ऐकत, पण प्राध्यापकांच्या खोलीतल्या पाण्याच्या माठावरून काही सहकाऱ्यांनी कुरकुर केली. पगारातून पैसे वाचवून पुन्हा लंडन गाठायचे हा बेत होता. त्याच काळात दत्तोबा पवार यांच्यामार्फत शाहू महाराजांशी ओळख झाली आणि महाराजांनी दिलेल्या २,५०० रुपयांतून ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ हे पाक्षिक निघाले. बाबासाहेब सरकारी नोकरीत असल्याने संपादक म्हणून पांडुरंग नंदराम भटकर यांचे नाव होते.

पत्र निघणार हे लोकांना कळवायला हवे. त्यासाठी ‘केसरी’त जाहिरात देण्याचा प्रयत्न झाला. फुकट नको होती, पैसे मोजून हवी होती. ‘केसरी’ने ती छापली नाही. टिळक तेव्हा हयात होते. ‘केसरी’चा हा नकार आपण अनेकदा सांगतो, आणि सांगायलाच हवा. पण जाहिरात मागितली गेली, या अर्ध्या भागाकडे आपले लक्ष जात नाही. अस्पृश्यांचे पत्र अस्पृश्यांना तोंडी कळले असते. पोस्टाने एक अंक वस्तीत आला की अक्षर ओळखणारा एक जण वाचायचा आणि भोवती बसलेले ऐकायचे, अशी त्या काळची रीत होती. तेवढ्यावर भागवता आले असते. तरी जाहिरात मागितली ती त्या पत्रात, जे महाराष्ट्रभर वाचले जात होते आणि ज्याचे वाचक आपल्या वस्तीत पाऊल टाकत नव्हते. नकाराची शक्यता त्यांना दिसत नसेल, असे मला वाटत नाही.

कोल्हापूरची एक गोष्ट याच काळातली आहे. गंगाराम कांबळे शाहू महाराजांच्या पागेत नोकरीला होते. पाण्याच्या हौदाला शिवले म्हणून त्यांना मारहाण झाली. महाराज कोल्हापुरात परतल्यावर गंगाराम यांनी आपली पाठ दाखवली. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगाराम यांना नोकरीऐवजी स्वतःचा धंदा काढायला सांगितले. भाऊसिंगजी रोडवर त्यांचे चहाचे हॉटेल सुरू झाले, नाव सत्यसुधारक. हॉटेल स्वच्छ होते, चहा चांगला होता, पण सवर्ण गिऱ्हाईक येईना, कारण अस्पृश्याचे हॉटेल ही बातमी चहाच्या वासाच्या आधी पसरली होती. महाराजांना हे कळले. फेरफटक्याला निघाले की ते गाडी त्या हॉटेलसमोर उभी करत आणि भर रस्त्यात, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात चहा मागवत. सोबतच्या अधिकाऱ्यांना, कामासाठी मागे लागलेल्या सरदारांना तोच चहा प्यावा लागे.

याला आपण राजाचे औदार्य म्हणतो. धंद्याच्या नजरेने पाहिले तर ती जाहिरात होती, आणि चांगली जाहिरात होती. कानात कुजबुजलेल्या गोष्टीला भर चौकात केलेले उत्तर. आपल्या गल्लीत आता राजाची गाडी थांबणार नाही. पण ती गाडी जे काम करत होती ते गावच्या बाजारच्या दिवशी रिक्षावर लावलेला भोंगाही थोडेफार करतो, एसटी स्टँडजवळची रंगवलेली भिंत करते, सकाळच्या पेपरात घातलेले पत्रक करते.

‘मूकनायक’ फार चालले नाही. जुलै १९२० मध्ये बाबासाहेब लंडनला गेले, कारभार ज्ञानदेव घोलप यांच्याकडे आला आणि १९२३ मध्ये पत्र बंद पडले. त्याच वर्षी बाबासाहेब बॅरिस्टर होऊन आले, डॉक्टर ऑफ सायन्सही झाले आणि मुंबईत वकिली सुरू केली. इथे आणखी एक पेच होता. वकिलाला जाहिरात करता येत नाही. आपल्या देशात बार कौन्सिलच्या नियमाने आजही तशी मनाई आहे. वकिलाकडे काम येते ते ओळखीने, आणि त्या काळच्या हायकोर्टात सॉलिसिटरच्या हातून. सॉलिसिटर अस्पृश्य बॅरिस्टरला काम देईनात. गरिबांची आणि जिल्ह्याच्या कोर्टातली कामे घ्यायची आणि उरलेल्या वेळेत कमाई जोडायची, असे दिवस होते. जून १९२५ पासून मार्च १९२८ पर्यंत त्यांनी बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी शिकवणाऱ्या संस्थेत व्यापारी कायदा शिकवला. जगातल्या दोन नामांकित विद्यापीठांच्या पदव्या हाताशी असलेला माणूस, आणि धंदा नुसत्या शिफारशीवर चालणारा. शिफारस करणारे जातीतले नाहीत, आणि जातीतले शिफारस करण्याच्या जागेवर नाहीत. केवळ तोंडी प्रचारावर राहिलेल्या माणसाचे काय होते याचे याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही.

पुढचे सगळ्यांना ठाऊक आहे. २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावरचा सत्याग्रह झाला, आणि त्यावर चहूकडून टीका सुरू असताना ३ एप्रिलला ‘बहिष्कृत भारत’ निघाले. मग १९२८ मध्ये ‘समता’, १९३० मध्ये ‘जनता’, स्वतःचा भारत भूषण छापखाना, आणि १९५६ मध्ये ‘जनते’चेच ‘प्रबुद्ध भारत’ झाले. ‘बहिष्कृत भारत’चे रकाने बाबासाहेबांना बहुतांशी एकट्यानेच भरावे लागत. पैसे नव्हते, वर्गणीदार कमी होते. तरी एक पत्र बंद पडले की दुसरे, असे शेवटपर्यंत चालले. दुसऱ्याच्या छापखान्याने आपली जाहिरात नाकारली, तर आपला छापखाना उभा करायचा, असा तो रस्ता.

काही मित्रांना हे आवडणार नाही. बाबासाहेबांना दुकानदारीत ओढू नका, असे मला तोंडावर सांगितले गेले आहे. त्यांचे अर्धे म्हणणे मला मान्य आहे. बाबासाहेब भांडवलशाहीचे प्रचारक नव्हते. १९४७ च्या राज्ये आणि अल्पसंख्याक या निवेदनात त्यांनी मुख्य उद्योग आणि शेती राज्याच्या मालकीची असावी अशी मागणी केली होती. चार मुलांनी दुकाने काढली म्हणून जात संपणार नाही, हेही खरे. पण नोकऱ्या आटल्या आहेत, आरक्षणाची सरकारी जागा वर्षानुवर्षे भरली जात नाही, आणि शिकलेला मुलगा मोबाइल दुरुस्तीचे दुकान टाकतो आहे. ते दुकान वर्षभरात बंद पडले तर त्याने घेतलेले कर्ज त्याच्या आईच्या मजुरीतून फिटते. मी तशी घरे पाहिली आहेत.

बाबासाहेब न्यूयॉर्कला होते त्या वर्षांत अमेरिकेत सारा ब्रीडलव्ह नावाची एक काळी स्त्री मोठी उद्योजक झाली होती. मॅडम सी. जे. वॉकर म्हणून ती ओळखली जाते. आईवडील गुलामगिरीत राहिलेले, स्वतः धुणी धुऊन पोट भरलेले. केसांना लावायचे औषधी मलम विकायला तिने सुरुवात केली आणि काळ्या लोकांच्या वर्तमानपत्रांतून जाहिरात दिली. जाहिरातीत आणि डब्यावर तिचा स्वतःचाच फोटो असे. गोऱ्या बाजाराला न आवडणारा चेहरा तिने मालाची ओळख म्हणून वापरला. बाबासाहेबांची आणि तिची भेट झाल्याची काही नोंद नाही, मीही तशी गोष्ट रचत नाही. पण काळ एकच, आणि प्रश्नही एकच होता.

चेहरा दाखवायचा की लपवायचा? आमच्याकडे हा प्रश्न पाटी रंगवतानाच येतो. दुकानाला साई, बालाजी, माउली अशी नावे देणारी आपली मुले आहेत. आडनाव लिहिले तर गिऱ्हाईक तुटेल ही भीती खोटी नाही. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सारख्याच शिक्षणाचे नोकरीअर्ज फक्त आडनावे बदलून पाठवले होते, आणि दलित आडनावांना मुलाखतीची बोलावणी कमी आली. डिसेंबर २०२४ मध्ये परभणीत संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, मग बंद, धरपकड आणि न्यायालयीन कोठडीत सोमनाथ सूर्यवंशी यांचा मृत्यू. त्यानंतर दुकानात लावलेला बाबासाहेबांचा फोटो आतल्या भिंतीवर नेणारे लोक मला भेटले. मी त्यांना दोष देत नाही. ज्याचे शटर फुटू शकते त्यानेच ते ठरवायचे.

एवढेच म्हणतो की लपवून जात लपत नाही. बाबासाहेबांच्या पेढीवर तरी कुठे लिहिले होते? तालुक्याच्या गावात दोन दिवसांत सगळ्यांना सगळे कळते. ते कळतेच, पण दुकानाचा भाव, कामाची हमी, उघडण्याची वेळ, फोन नंबर यांतले काहीच कळत नाही. म्हणजे जात मोफत पसरते आणि काम मात्र पसरत नाही. ते पसरवण्याचा खर्च आपल्यालाच करावा लागतो.

महात्मा फुले महामंडळाच्या किंवा बँकेच्या कर्जासाठी मुले प्रकल्प अहवाल घेऊन माझ्याकडे येतात. त्यात मशीन असते, कच्चा माल असतो, जागेचे भाडे असते, विजेचे बिल असते. जाहिरातीच्या ओळीत बहुतेक वेळा शून्य असते, किंवा ती ओळच नसते. सरकारी खरेदीचेही तसेच. केंद्राच्या धोरणात अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांकडून चार टक्के खरेदीचे उद्दिष्ट ठेवले आहे. पण पोर्टलवर नाव नोंदवलेले नसेल, मालाचा फोटो आणि दर टाकलेला नसेल, तर खरेदी करणाऱ्याला आपण दिसणार कसे?

आणि आपल्याला जाहिरात येत नाही असेही नाही. १४ एप्रिलला परभणीत स्टेशनपासून वसमत रोडपर्यंत फ्लेक्स लागतात. एकेका फ्लेक्सवर तीस-चाळीस शुभेच्छुकांचे चेहरे असतात. त्यांत मंडपवाला असतो, बँडवाला असतो, केटरिंगवाला, फोटोग्राफर, टेलर असतो, आणि फ्लेक्स छापणाराही बऱ्याचदा आपलाच असतो. नावाखाली पद असते, कार्याध्यक्ष, उपाध्यक्ष, युवा नेतृत्व. धंदा आणि फोन नंबर कुणाचाच नसतो. पूर्णेच्या एका केटरर मित्राला मी हे हसत हसत बोललो. त्याने पुढच्या वर्षी शुभेच्छांच्या खाली, लहान अक्षरांत, पाचशे पानांपर्यंत जेवणाची सोय आणि नंबर टाकला. मंडळात त्यावरून वाद झाला, बाबासाहेबांच्या फोटोखाली धंदा नको म्हणून. शेवटी त्याने वेगळी पत्रके छापली आणि ती शाळेच्या गॅदरिंगला, बाजार समितीत आणि रेल्वे कॉलनीत वाटली. पहिले काम एका निवृत्त रेल्वे कर्मचाऱ्याच्या निरोप समारंभाचे मिळाले. तो माणूस वस्तीतला नव्हता आणि त्याने जात विचारली नाही. दुसऱ्या एका ठिकाणी मात्र ठरलेले काम आडनाव कळल्यावर मोडले. दोन्ही झाले, म्हणून दोन्ही सांगतो.

बाबासाहेबांच्या शेवटच्या वर्षातली एक गोष्ट सांगून थांबतो. १९५६ च्या सप्टेंबरात त्यांची प्रकृती पार खालावली होती. धर्मांतराची घोषणा येवल्यात १९३५ मध्येच झालेली, लाखो लोक एकवीस वर्षे वाट पाहत होते. नुसता निरोप गेला असता तरी नागपूर भरले असते. तरीही २३ सप्टेंबरला त्यांनी वर्तमानपत्रांसाठी एक पत्रक काढले. दसऱ्याच्या दिवशी, १४ ऑक्टोबरला, नागपुरात, सकाळी नऊ ते अकराच्या दरम्यान आपण बौद्ध धम्माची दीक्षा घेणार, असे त्यात जाहीर केले होते. काय होणार, कुठे, कुठल्या तारखेला, किती वाजता, हे सगळे त्या पत्रकात होते.

पूर्णेच्या मित्राच्या पहिल्या पत्रकावर पत्ता राहून गेला होता. दुसऱ्या खेपेला आम्ही ते पत्रक समोर बसून तपासले आणि मग छापायला दिले.